दर्यापूरचे शेवटे

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकीण बाईंनी माझ्यासमोर पाण्याचे दोन पेले ठेवले आणि म्हणाल्या, "हे प्याचं. आणि हे नुसतं चाखाचं."

पहिलं पाणी कॅनचं होतं. दुसरं मी ओठांना लावलं आणि तोंड वाकडं केलं. बोअरचं पाणी, खारं आणि मागून जरासं कडवट. बाई माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होत्या.

"बघ गो, कसा लागता?"

"खारट आहे," मी म्हणाले.

"हां!" जणू मी त्यांच्या पोराला शाबासकी दिली होती, असा त्यांचा चेहरा झाला.

मी मूळची अमरावतीची. दर्यापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी लागली म्हणून तिथं गेले होते. हा सगळा खारपाणपट्टा. जमिनीखालचं पाणी इतकं खारं की साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोट्या पांढऱ्या होतात, डाळ शिजता शिजत नाही. तिथली माणसं आपल्या पाण्याबद्दल पाहुण्यांची माफी मागतात. पाण्याचं कौतुक करणारी एवढी एकच बाई मला तिथं भेटली, आणि पुढं पाच-सहा वर्षं मी तिच्या घरात वरच्या खोलीत राहिले.

मी त्यांना काकू म्हणायचे. त्या मालवणकडच्या, खाडीकाठच्या एका गावातल्या. काकाजी, म्हणजे त्यांचे यजमान, अस्सल दर्यापूरचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, आता निवृत्त. तरुणपणी त्यांची नेमणूक तिकडच्या डेपोत होती आणि काकूंच्या गावाला जाणारी बस सारखी बंद पडायची. "इंजिनात काही खराबी नव्हती," काकू सांगायच्या, "ह्यांच्या डोक्यात होती." काकाजी यावर फक्त "हं" म्हणत.

लग्न परजातीतलं. काकूंच्या घरच्यांनी त्या दिवसापासून नाव टाकलं. वडील गेले, आई गेली, दोन्ही वेळेला निरोप आला नाही. थोरला भाऊ तेवढा उरला होता. हे काकूंनी मला एकदाच सांगितलं, गवार मोडता मोडता, आणि लगेच पुढं म्हणाल्या, "ह्यांनी गावाचं नाव सांगितलं दर्यापूर. माका वाटला, दर्यापूर म्हणजे दर्या असतलो. बसमधून उतरले नि बघते तर कपाशी. इकडे कपाशी, तिकडे कपाशी. मग सासूनं पाणी दिलं. ते प्याले आणि म्हटलं, चला, अगदीच खोटं नाही नाव."

त्यांची बोली हा सगळ्या गल्लीच्या करमणुकीचा विषय होता. चाळीस वर्षांत त्या वऱ्हाडी शिकल्या होत्या, पण मालवणी सुरात. भाजीवाल्याला म्हणायच्या, "वांगी माका नको, मेथी मले पायजे." तो मुद्दाम दोनदा विचारायचा. रागावल्या की पूर्ण मालवणी आणि समोरच्याला काही कळू द्यायचं नसलं तरीही मालवणी. काकाजींना ती सगळी समजायची, पण उत्तर ते वऱ्हाडीतच देत.

कुणाच्याही घरी गेल्या की त्या आधी विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी मागत. लग्नघरी, बारशाला, मयताच्या घरीसुद्धा. एक घोट तोंडात फिरवायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "तुमच्यात पावसाचं मिसळलंय." "हे भरतीचं." दर्यापुरात भरती कुठून येणार, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे दयेनं बघितलं होतं.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे शेवटे.

गावाबाहेर अकोटच्या रस्त्याला काकाजींचं दोन एकर रान होतं. तिथल्या बोअरचं पाणी पिकाला देण्याच्या लायकीचं नव्हतं. दिलं की जमीन पांढरी पडायची. ते पाणी काकूंनी मागून घेतलं. कोपऱ्यात एक तळं खणवलं, बोअर सोडून भरलं, आणि खाडीतून शेवट्याची पिल्लं आणून त्यात सोडली. शेवटा म्हणजे ज्याला मुंबईकडे बोईट म्हणतात तो. रुपेरी, बोटाएवढा असतो तेव्हा थव्यानंच फिरतो. खाडीत जिथं नदी समुद्राला मिळते तिथं राहणारा, खारंही सोसणारा आणि गोडंही.

"नाव ठेवलं का शिवी दिली मासोळीले?" काकाजी म्हणायचे. "शेवटा! आमच्या इकडं असं नाव ऐकून कोणी ताटात नाई घेणार."

मी पहिल्यांदा तळ्यावर गेले तो रविवार होता. पाणी मातकट, वर काही दिसेना. काकूंनी भिजवलेली सरकीची ढेप मुठीत घेतली आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं पाण्यावर हलकेच थापट्या मारल्या. तळ्याच्या मध्यभागी पाणी थरथरलं. मग एक सावली आमच्याकडे सरकत आली, अगदी काठाशी येऊन सगळीच्या सगळी एकाच क्षणी वळली आणि ऊन लागून लखकन् चमकली. कपाशीच्या रानात, कोरड्या वाऱ्यात, असं काही दिसेल याची माझी तयारी नव्हती. मी ओरडलेच.

"एक वळला की सगळे वळतात," काकू म्हणाल्या. "विचारीत नाहीत एकमेकांना."

त्या तळ्याची राखण त्यांनी किती करावी! बगळे यायचे, खंड्या यायचा. काकू छत्री घेऊन धावत. शेवटी काकाजींनी एका भंगारातल्या बसचा हॉर्न आणला आणि बॅटरी लावून तळ्याच्या काठी खांबावर बसवला. बगळा उतरला की काकू बटण दाबत आणि आसपासच्या शेतातली माणसं बस आली समजून मान वर करत. काकाजी तोंडानं माशांची टिंगल करत, पण हॉर्नची बॅटरी कधी उतरलेली मी पाहिली नाही.

एकदा शेजारच्या शेतवाल्यानं पाहुणे आले म्हणून तळ्यात जाळं टाकलं. आम्हाला कळलं तेव्हा त्याच्या घरी रस्सा चुलीवर होता. काकू तशाच निघाल्या. मला वाटलं, आता भांडण. मी मागोमाग गेले. त्या आत शिरल्या, पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "वाढ." त्याच्या बायकोनं ताट केलं. काकूंनी सावकाश, एकेक काटा बाजूला काढत सगळं खाल्लं. मग म्हणाल्या, "मसाला बरा आहे. पण शेवट्याला आंबट लागतं. कोकम नसलं तर कैरी घाल. आणि पुढच्या वेळी विचारायचं." त्या माणसानं नंतर कधीच जाळं टाकलं नाही. घरी परतताना त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षांनी खाल्लो गो," आणि पदरानं तोंड पुसता पुसता डोळेही पुसले. त्या तळ्यातला मासा त्यांनी स्वतः कधीच खाल्ला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

मी एकदा सहज विचारलं, की इतकी वर्षं झाली तर माशांची संख्या वाढत कशी नाही?

"वाढणार नाहीत. जगतात इथे, मोठे होतात. पण अंडी घालायला त्यांना समुद्र लागतो. इथे नाही घालत."

"मग?"

"मग काय? परत जाऊन आणायचे."

ते आणणं कसं असायचं, ते मला काकाजींनी सांगितलं. हॉर्नची वायर बदलत होते, काकू पलीकडे ढेप भिजवत होत्या. दर दोन-तीन वर्षांनी, थंडी सरली की दोघं निघत. प्लास्टिकचे मोठे कॅन, आणि त्यांत हवा सोडायला काकाजींनी बॅटरीवर चालणारा पंप बनवलेला. बस बदलत बदलत जायचं. सगळ्या डेपोंतले जुने ड्रायव्हर ओळखीचे, म्हणून कॅन चढवू देत. ओहोटीच्या वेळी काकू खाडीत गुडघाभर पाण्यात उतरत आणि एक जुनं पातळ जाळ्यासारखं पाण्यात धरून काठाकाठानं पिल्लं गोळा करत.

"अन् तिचं घर तिथंच, मॅडम," काकाजी आवाज खाली आणून म्हणाले. "खाडीच्या काठावरच. भाऊ अंगणात जाळं विणत बसलेला राह्यते. पाह्यते आमच्याकडं. तुमची काकू घराकडं पाठ करून उभी राह्यते. काम झालं का आमी निघतो. पाणीसुद्धा कोणी विचारलं नाई आजवर."

"आणि काकू काही बोलत नाहीत?"

"बसमध्ये बसल्यावर म्हणते, दादा बारीक झाला. एवढंच."

हे सगळं ऐकल्यावर तळ्याकडे मी वेगळ्या नजरेनं बघू लागले.

मी तिथं राहायला आल्याच्या चौथ्या वर्षी काकूंचे पाय सुजू लागले. आधी त्यांनी उन्हाला दोष दिला, मग चपलांना. अकोल्याला तपासण्या झाल्या आणि दोन्ही किडन्या जवळजवळ कामातून गेल्याचं निघालं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, खारं पाणी भोवलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब जुना आहे, कारणं अनेक असतात. काकाजींना कुणाचंच ऐकायचं नव्हतं; ते रागानं घरातल्या बोअरचा स्टार्टर काढून ठेवायला निघाले. काकूंनी त्यांचा हात धरला. "पाण्याक बोल लावू नका," त्या म्हणाल्या. "त्यानं माझं काय वाईट केलंन?"

मग आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिस. त्यांचा मुलगा पुण्याला असायचा, तो येऊन सगळी व्यवस्था लावून गेला. चांगला मुलगा, पण त्याला रजा किती मिळणार? आईचं मन रमावं म्हणून त्यानं काचेची पेटी आणि सोनेरी मासे मागवून दिले. काकूंनी त्यांच्याकडे बघून विचारलं, "हे एकेकटे का फिरतात?"

कधी काकाजी, कधी मी, असं आम्ही अकोल्याला जायचो. त्या पलंगावरही काकू काकूच होत्या. मशीन लावणाऱ्या मुलाला त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ह्या डब्यातलं पाणी खारट असतं ना रे? चाखून बघितलंस कधी?" तो मुलगा हसायला लागला, मग पुढच्या वेळेपासून तोच सांगायचा, "आजी, आज भरती आहे." त्यांना मीठ बंद झालं, पाणीही मोजून. अळणी वरणभाताचा घास तोंडात धरून त्या कितीतरी वेळ बसत. गिळायचा आहे हेच विसरल्यासारख्या.

तळ्यावर जाणं सुटलं. रोज संध्याकाळी काकाजी जाऊन येत, आणि ते दारात दिसले की काकू आतून विचारत, "किती दिसले?"

"लय दिसले."

"खोटं बोलू नका."

मग काकाजी खरं सांगत. त्यांना खोटं बोलता येत नसे. बोलले की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. मागच्या उन्हाळ्यात पुष्कळ मेले होते. काही बगळ्यांनी नेले. आता थवा म्हणावा असं काही उरलं नव्हतं. पाच-सात मासे काठानं हिंडत होते.

होळीच्या आधी काकाजी एका दुपारी माझ्या खोलीवर आले. दारातच उभे राहून म्हणाले, "मॅडम, मले चार दिवस बाहेर जा लागते. तिले अकोल्याले तुमी न्यान काय? मी तिले सांगून राहिलो का पेन्शनच्या कामानं नागपूरले चाललो."

"खाडीवर?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. या माणसाला पोहता येत नव्हतं. काकू पाण्यात उतरत तेव्हा ते काठावर कॅन धरून उभे राहत, तेवढाच त्यांचा खाडीशी संबंध. मी म्हटलं, कुणाला तरी सोबत न्या. म्हणाले, "कोणाले नेऊ? काय सांगू त्याले?"

त्या चार दिवसांत काकूंनी मला एकदाही विचारलं नाही की नागपूरचं काम झालं का. पण अकोल्याहून परतताना गाडीत एकदम म्हणाल्या, "आता ओहोटी केव्हा लागत असेल गो?"

पाचव्या दिवशी सकाळी काकाजींचा फोन आला. मी तळ्यावर आहे, तिले घेऊन या. मी रिक्षा केली. काकूंना बांधावरून हाताला धरून नेलं. तळ्याच्या काठावर कॅन ओळीनं मांडलेले होते, पंपाची घरघर चालू होती. काकाजींची पँट मांडीपर्यंत चिखलानं वाळलेली, डोळे लाल, दाढी वाढलेली. त्यांनी काकूंना खुर्ची दिली आणि एकेक कॅन तळ्यात तिरपा केला.

पिल्लं आधी गोंधळून विखुरली. मग हळूहळू एकमेकांना सापडली. थोड्या वेळानं ती काठापासून लांब गेली, आणि तिथं, मध्यावर, सगळी एकदम वळली.

मी काकूंकडे बघितलं. त्या माशांकडे बघत नव्हत्या. शेवटच्या कॅनमध्ये दोन-चार पिल्लं राहिली होती, त्यांच्याकडे वाकून बघत होत्या.

"कोणी पकडली ही?"

"म्या," काकाजी म्हणाले.

"काठावर एवढी मोठी मिळत नाहीत. ही मधल्या पाण्यातली. होडी कोणाची?"

काकाजी एका रिकाम्या कॅनचं आधीच लागलेलं झाकण पुन्हा लावत बसले.

"दादा इल्लो?"

"आला होता."

काकूंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "होडी घेऊन?"

"हो. दोन दिवस मी नुसताच चिखलात फसून राहिलो, हाती काई लागेना. तिसऱ्या दिवशी थो होडी घेऊन आला. मले हातानं खुणावलं, बस. मी बसलो. त्यानंच जाळं फेकलं. कॅन भरून देले."

"काय बोललो तो?"

काकाजी पाण्याकडे बघत होते. "काई नाई," ते म्हणाले. "काईच नाई बोलला."

काकूंनी मान हलवली, जणू त्यांना ते आधीच ठाऊक होतं.  मग म्हणाल्या, "बोलूचो नाय तो. लहानपणापासून तसोच." आणि जरा वेळानं, अगदी समाधानानं, "पण होडी काढल्यान मा?"

त्यानंतर त्या चार-पाच महिने होत्या. अकोल्याच्या नर्सला, भाजीवाल्याला, गल्लीतल्या प्रत्येक बाईला त्यांनी सांगितलं, की माझ्या भावानं होडी काढली. ऐकणाऱ्याला त्यात विशेष काय ते कळायचं नाही. श्रावणात एका सकाळी, अकोल्याला न्यायची गाडी दारात येऊन उभी असताना, साडीच्या निऱ्या सारख्या करता करता त्या पलंगावर बसल्या आणि गेल्या.

तेरवी झाल्यावर मुलगा पुण्याला परतला. काकाजींनी त्याच्याबरोबर जायला नकार दिला. एका संध्याकाळी मी त्यांच्यासाठी भाकरी घेऊन खाली गेले. ते ओसरीवर बसले होते. मी ताट ठेवलं तर म्हणाले, "बसा जरा."

मी बसले.

"मॅडम, थो बोलला होता."

मला पटकन कळलं नाही. "कोण?"

"तिचा भाऊ. कॅन भरले, होडी काठाले लावली. मी उतरलो. मंग थो म्हणे, 'तिका घेऊन ये.' मी म्हटलं, तिची तब्येत बरी नाई. तर थो म्हणे, 'म्हणूनच सांगतंय. घरी घेऊन ये. घर तिचाच आसा.'" त्याचे शब्द काकाजींनी त्याच्याच बोलीत जसेच्या तसे उच्चारले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मालवणी मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मी बसमध्ये पूर्ण रस्ताभर इचार केला. तिले सांगितलं असतं तर थे थांबली नसती. त्याच दिवशी निघाली असती. अन् डॉक्टरनं मले साफ सांगून ठेवलं होतं, मशीनची एक पाळी चुकली तरी जमणार नाई. चोवीस-चोवीस तासाचा परवास. थे रस्त्यातच..." ते थांबले. "मले वाटलं, अजून जरा ठीक होईल, मंग सांगीन. मंग थे ठीकच नाई झाली."

भाकरी तशीच होती. बाहेर कुणीतरी गाडी धुवत होतं, त्याच्या बादलीचा आवाज येत होता.

"चाळीस वर्षं थे ह्याच एका गोष्टीची वाट पाहून राहिली होती. अन् थे गोष्ट माह्या खिशात होती." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी सांगाले पाहिजे होतं काय, मॅडम?"

"नाही काकाजी," मी म्हणाले. "तुम्ही केलं ते बरोबरच केलं."

त्यांनी ताट जवळ ओढलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातातच धरून ठेवला.

"तुमी लय लवकर बोलल्या," ते म्हणाले.